अर्धी पेन्सिल

कोपरी, ठाणे (पूर्व)
जुलै, रात्रीचे साडेनऊ, बाहेर धो धो

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी केनियाला मुलांची सुट्टीतली शाळा घ्यायला जाणाऱ्या तुम्हा आठ जणांना पुढे बोलावलं आणि सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. तुझी आई डोळे पुसत होती. संध्याकाळी तू छत्री झटकत माझ्याकडे आलीस, वही उघडलीस आणि विचारलंस, "मावशी, तिथल्या मुलांसाठी काय काय नेऊ?" यादीत फुगे होते, चॉकलेटं होती, स्टिकर होते, टोप्या होत्या. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ आलेच नाही. तुला वाटलं असेल, मावशीला आनंद झालेला दिसत नाही. आनंद झालाय. पण तोंडावर बोलायला गेले असते तर एक तर रागावले असते, नाही तर रडले असते, म्हणून लिहिते आहे.

मी २००९ मध्ये गेले होते तेव्हा माझीही अशीच यादी होती. जांभळी नाक्याच्या घाऊक दुकानातून दोनशे पेन्सिली घेतल्या होत्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, वर लाल खोडरबर. गाव केनियातल्या किसुमू शहरापासून तासाभराच्या रस्त्यावर. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मातीच्या भिंती. आम्हाला कळवलं होतं दीडशे मुलं. सुट्टीतली शाळा आहे आणि परदेशी पाहुणे येणार आहेत म्हटल्यावर आजूबाजूच्या वाड्यांवरूनही मुलं आली, आणि चौथ्या दिवशी, वाटपाच्या दिवशी, साडेतीनशेच्या आसपास होती. मी मोठ्या उत्साहाने खोका उघडला. पहिल्या रांगा शहाण्यासारख्या आल्या. मग मागच्यांच्या लक्षात आलं की पेन्सिली पुरणार नाहीत. पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण मला फक्त हात दिसत होते. एक चार-पाच वर्षांचा मुलगा खाली पडला आणि कुणाचा तरी पाय त्याच्या बोटांवर पडला. तो रडत नव्हता. मूठ घट्ट मिटून बसला होता आणि मुठीत पेन्सिल होती.

तिथल्या रविवारच्या शाळेच्या बाई आल्या. आवाज चढवला नाही. मुलांना खाली बसवलं, एक गाणं सुरू करून दिलं, आणि ज्यांना पेन्सिली मिळाल्या होत्या त्या सगळ्यांकडून परत घेतल्या. मुलांनी दिल्याही. मग बाकावर बसून त्यांनी चाकूने एकेका पेन्सिलीचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. कट्, कट्. ज्या अर्ध्याला खोडरबर नव्हतं तो जरा लांब ठेवायच्या, ज्याला होतं तो जरा आखूड. मी शेजारी बसून टोकं काढत होते. शार्पनर एकच होतं आणि ते विसाव्या पेन्सिलीला मोडलं, मग चाकूनेच. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तेच करत होतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाला अर्धी पेन्सिल मिळाली. उरलेले पन्नासेक तुकडे त्यांनी कपाटात ठेवले, शाळा सुरू झाल्यावर ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी. मला कुणी दोष दिला नाही. फक्त जाताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी वस्तू माझ्या हातात द्या. कोणाच्या घरी काय आहे ते मला माहीत असतं."

हे वाक्य तुझ्या वहीत पहिल्या पानावर लिही. बाकी यादी मागाहून.

आता तुला एक जुनी गोष्ट सांगते. तुझ्या आईलासुद्धा ती पूर्ण माहीत नाही. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. नगर जिल्ह्यात आमचं गाव. आई-बाप दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आणि निदान दोन वेळचं खायला मिळेल म्हणून त्यांनी मला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे मिलोची, म्हणजे मदतीत आलेल्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी मिळायची, सुकडी मिळायची. महिन्यातून एकदा बाप चालत भेटायला यायचा, हाताला खडीचे घट्टे. तर त्या वर्षी परदेशातून पाहुणे आले. एका गोऱ्या बाईने आम्हाला हातवारे करून एक इंग्रजी गाणं शिकवलं, मला मांडीवर घेतलं, माझ्या केसांत रिबीन बांधली. फोटो काढला. निघताना दुभाष्यामार्फत म्हणाली, मी तुला पत्र लिहीन. पुढचे सहा-सात महिने पोस्टमन फाटकाशी दिसला की मी धावत जायचे. मुली हसायच्या. शेवटी मेट्रनबाई म्हणाल्या, "पोरी, त्यांच्याकडे तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत."

बारा-तेरा वर्षांनी डीएड झाल्यावर मी त्या वसतिगृहात सहज गेले, तर ऑफिसच्या कपाटात एक छापील पत्रक सापडलं. त्यात माझा फोटो होता, रिबिनीसकट. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ऑर्फन. अनाथ. तेव्हा माझा बाप जिवंत होता गं. आई तर माझ्या लग्नात नाचली. त्या बाईने खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. बहुधा तिने विचारलंच नाही, आणि ज्याने पत्रक छापलं त्याला तो शब्द सोयीचा पडला.

म्हणून अनाथाश्रमाबद्दल माझं मत कडक आहे, आणि ते तू ऐकून घे. तुमच्या कार्यक्रमात "शेवटचे दोन दिवस बालगृहाला भेट" असं लिहिलंय. ते काढून टाकायला सांग. जगभरच्या अशा घरांमध्ये जी मुलं असतात त्यातल्या बहुतेकांचे आई किंवा वडील, कुणीतरी एक, हयात असतात. गरिबी, आजारपण, शाळा लांब, यामुळे ती तिथे येतात, मी गेले होते तशीच. आणि पाहुणे देणग्या घेऊन येतात म्हटल्यावर काही ठिकाणी मुलं जमवलीही जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या डिसेंबरमध्ये बालहक्कांच्या ठरावात या अनाथालय-पर्यटनावर बोट ठेवलं. केनियाने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ पासून दहा वर्षांचा आराखडा केला की मुलांनी घरात, नात्यात, शेजारात वाढावं. ज्या देशाचं सरकार मुलांना घरी पाठवायला बघतंय, तिथे आपण त्यांना गाणी शिकवायला फाटकाच्या आत जायचं? आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या ते खरं, पण त्यांना केडगावला ठेवून दोन आठवड्यांनी त्या परत नाही गेल्या. १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत तिथेच होत्या. तितकं राहायची तयारी असेल तर माझं काही म्हणणं नाही.

तेव्हा दिवसभराची सुट्टीतली शाळा, संध्याकाळी मुलं आपापल्या घरी, हेच काम चांगलं. त्यातच राहा.

मुलांना आई-वडिलांबद्दल विचारू नकोस. किसुमूजवळच्या व्हिक्टोरिया सरोवराच्या त्या पट्ट्यात एचआयव्हीने कितीतरी घरं ओस पाडली. पुष्कळ मुलं आजीजवळ वाढतात. आपण सहज विचारतो, "घरी कोण कोण असतं?" तिथे तो प्रश्न सहज नसतो. "आज काय खेळलात?" हा विचार. मूल स्वतःहून सांगेल तर ऐक, आणि ऐकताना तोंडावर करुणा आणू नकोस. मुलांना ती लगेच कळते आणि मग ती त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायला शिकतात. मी शिकले होते.

आणि एखाद्या मुलाने असं काही सांगितलं की त्याला कोणी मारतं, कोणी नको तिथे हात लावतं, तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. तिथल्या मंडळीत या कामासाठी कोण नेमलंय ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव आणि त्याच दिवशी त्यांच्या कानावर घाल. आपल्याकडे मुलांसाठी १०९८ आहे, तिथे ११६. कोणत्याही मुलाबरोबर एकटी खोलीत थांबायचं नाही, शू-शीला न्यायचं काम तिथल्या बायांचं, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही सांगत. पाहुण्यांसाठी नियम सैल ठेवायची सवय लागली की तुझ्यामागून जो येतो तो कसा असेल ते कोणी सांगावं. पाळकसाहेबांना म्हण, आठही जणांचा पोलीस दाखला काढा. वागळे इस्टेटला पासपोर्टसाठी खेटे घातलेच आहेत, त्यात अजून एक.

फोटोंचं माझ्याकडून काही वेगळं ऐकायची गरज आहे का? रिबीन आठव. ज्या मुलाच्या पाच भाकरी आणि दोन माशांतून येशूने हजारोंना जेवू घातलं त्याचं नाव शुभवर्तमानात कुठेच नाही, आणि त्याने काही बिघडलं नाही.

आता जरा हलकं लिहिते, नाहीतर तू पत्र बाजूला ठेवशील.

तुला वाटतंय तू फार लांब चालली आहेस. मुंबईहून नैरोबी विमानाने सहा-एक तास. पावसाळ्यात लोकलने कधी कधी कल्याणहून सीएसएमटीला जायला त्याच्या निम्मा वेळ लागतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली, ते आपण शाळेत घोकलं. किसुमूला रूळ पोहोचले १९०१ मध्ये, आणि ते टाकले आपल्या देशातून, बहुतेक पंजाबातून, कराराने नेलेल्या मजुरांनी. तीस हजारांहून जास्त माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेली. पुढे तिथे आपल्याकडच्या लोकांची दुकानं झाली, पेढ्या झाल्या, आणि आपल्याबद्दल बरी-वाईट दोन्ही मतं झाली. तुला पाहून पोरं "मुहिंदी" म्हणून ओरडतील. म्हणजे भारतीय माणूस. तू कोरी पाटी घेऊन जात नाहीस एवढं ध्यानात ठेव. तुझ्या आधी दुकानदार जाऊन आलेत.

भाषेला घाबरू नकोस. स्वाहिलीत हवा म्हणजे हेवा, साबण म्हणजे सबुनी, रंग म्हणजे रंगी, साखर सुकारी, औषध दावा, गाडी गारी, पुस्तक किताबू, लाख लाकी. काही अरबीतून दोन्हीकडे आले, काही आपल्याकडून गेले. एक शब्द मात्र आपल्याकडे नाही आणि मला तो फार आवडतो, पोले. कोणाला ठेच लागली, कोणाचा हात भाजला, कोणी दमून आलं, की म्हणायचं पोले. चूक आपली नसली तरी. चर्चमध्ये "ब्वाना असिफिवे" म्हणतात, आपल्या सलामासारखं, त्यावर आमेन म्हणायचं. किसुमूकडे घरात लुओ बोलतात. "एरोकमानो" म्हणजे आभार. हे तोंडात बसेपर्यंत रोज लोकलमध्ये पुटपुट. ऐरोलीपर्यंत तुला तेवढा वेळ मिळतो.

त्या मुलांना इंग्रजी येतं, शाळेत वरच्या वर्गांत शिकवणंच इंग्रजीत चालतं. तेव्हा "मी त्यांना इंग्रजी शिकवीन" हे वहीतलं कलम खोड.

जेवायला उगाली असेल, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडून खायचा. सोबत सुकुमा विकी, एक हिरवी पालेभाजी. नावाचा अर्थ आठवडा ढकलणे. महिनाअखेरीला आपण पिठल्यावर दिवस काढतो तसं. आणि ओमेना, सरोवरातली बारीक सुकी मासळी. वास आला की तुला आपलं सुकटीचं पातेलं आठवेल. नाक मुरडलंस तर मात्र मला तोंड दाखवू नकोस. आमच्या गटातल्या एकाने बारा दिवस घरचे ठेपले खाल्ले. ज्या घरातून रोज ताट यायचं त्या आजीने तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे बघणं सोडलं. आपल्या आजोबा-पणजोबांना गावात वरून पाणी ओतत होते, पोरी. दुसऱ्याच्या ताटाला हात न लावणं म्हणजे काय ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तोच धागा आहे म्हणून लिहिते. आपल्याकडे आफ्रिकेतून आलेल्या मुलांना भाड्याने खोली मिळत नाही, डब्यात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते, आणि आपली देवभीरू माणसंसुद्धा त्यांच्याबद्दल काय काय बोलतात ते तू ऐकलं आहेस. ते इथे ठाण्यात असताना तोंडातून काढून टाक. तिथे पोहोचल्यावर अचानक प्रेम फुटत नसतं.

"सुवार्ता पोहोचवायला चाललो" हेही जरा जपून. केनियात २०१९ च्या जनगणनेत शंभरातले पंच्याऐंशी लोक ख्रिस्ती. महाराष्ट्रात आपण शंभरात एकसुद्धा नाही. त्यांची उपासना तीन-साडेतीन तास चालते आणि कोणी घड्याळ बघत नाही. कोण कोणाला काय पोहोचवतंय? पैशाच्या बाबतीतही तेच. मोबाइलवरून पैसे पाठवायची त्यांची एम-पेसा २००७ पासून चालू आहे, आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. भाजीवालीला नोट पुढे केलीस तर तीच तुला हसेल.

तब्येतीचं भराभर सांगते. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. तो नसेल तर परत येताना मुंबई विमानतळावर सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. किसुमूकडे मलेरिया भरपूर आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून घे आणि परत आल्यावरही ते सांगतील तितके दिवस घे. इथे आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य "मी आफ्रिकेत जाऊन आले" हे असू दे. नाहीतर सप्टेंबरमध्ये ठाण्यातला कुठलाही डॉक्टर आधी डेंग्यूच म्हणेल. व्हिक्टोरिया सरोवर बघून मन हरखेल, महाराष्ट्राच्या पंचमांशाहून मोठं आहे ते. पण पाण्यात पाय घालायचे नाहीत. त्यात गोगलगाईंपासून येणारा एक जंतू असतो, कातडीतून शिरतो. तलावपाळीला तू पाय घालत नाहीस, तितकं तिथे पाळ. आणि आईला सांग, चिवडा-मसाले प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नको. तिथे २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि ती आपल्या बंदीसारखी नाही, खरी आहे. प्रवासपरवान्याच्या अर्जात जे करायला चालली आहेस तेच लिहा. तिथल्या मंडळीला विचारून योग्य तो परवाना काढा. प्रभूच्या कामाला पर्यटन म्हणून खोटं लिहायची मला गंमत वाटत नाही.

खेळांचं मात्र मी तुला मनापासून सांगते, कारण तिथेच मी थोडीफार उपयोगी पडले. पेन्सिलींचा घोळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं. मी जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि तळ्यात-मळ्यात सुरू केलं. दोन शब्द, एक रेघ. दहा मिनिटांत शंभर पोरं उड्या मारत होती आणि "मळ्यात"चा ळ त्यांच्या तोंडात असा काही वळत होता की त्या बाई पोट धरून हसत होत्या. मग त्यांनी मला त्यांचा एक दोरीचा खेळ शिकवला आणि मी पहिल्याच उडीला बाद झाले. पाहुणी बाद झाली म्हणून मुलांना जो आनंद झाला, तो माझ्या खोक्यातल्या कशानेच झाला नव्हता. लंगडी, शिवणापाणी, आंधळी कोशिंबीर, जे काही पिशवीशिवाय नेता येईल ते ने. आणि त्यांच्या खेळात हरायला शीक.

एक कबुली राहिली. त्या गावात दहाएक वर्षांची एक मुलगी होती, सारखी माझा हात धरून असायची. निघायच्या दिवशी तिने विचारलं, परत येशील? रिबीन, पोस्टमन, फाटक, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि तरी मी म्हटलं, हो, आणि पत्र लिहीन. एक लिहिलं. एकच. मग शाळा, परीक्षा, जनगणनेची कामं, यांच्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण. आपण चांगल्या असतो गं, आणि तरीही असं करतो. म्हणून तुला सांगते, निरोपाच्या दिवशी तोंड बंद ठेव. "तुझ्याबरोबर खेळून मला मजा आली" एवढं म्हण, ते खरं असतं. शेवटच्या दिवशी रडारड, मिठ्या, गळ्यात पडणं, असला कार्यक्रम ठेवू नका. आदल्या दिवशीच सांगा की उद्या आमचा शेवटचा दिवस, परवापासून तुमच्या नेहमीच्या बाई आहेतच.

त्या नेहमीच्या बाईंसाठी काहीतरी ने. तुझ्या गटाने मुलांसाठी चौदा वस्तू लिहिल्यात, त्यांच्यासाठी एकही नाही. त्यांना काय हवंय ते आजच पत्राने विचारा. फळा असेल, खडू असतील, नाहीतर दुपारी दोन तास मुलं तुम्ही सांभाळा आणि मला जरा पाय लांब करू द्या, असंही असेल. आठ जणांच्या तिकिटांचा आकडा एकदा कागदावर मांड आणि त्यात त्यांच्यासारख्या एका बाईंचा किती वर्षांचा पगार निघेल तेही त्यांनाच विचार. मी जाऊ नकोस म्हणत नाही. जाऊन आल्यावर मी माझ्या पालिकेच्या शाळेत वेगळी बाई झाले, हे माझ्या मुख्याध्यापकांनीही सांगितलं असतं. पण तो आकडा माहीत असलेला बरा. दुपारच्या उन्हात मांजरासारखं लोळावंसं वाटतं तेव्हा उपयोगी पडतो.

आणि हे लिहू की नको असं दोनदा वाटलं, पण लिहितेच. आपल्या मंडळीत रविवारच्या बालवर्गाला तीन वर्षं झाली, दुसरी बाई मिळत नाही. एकट्या त्या वृद्ध बाई छत्तीस मुलं सांभाळतात, गुडघे धरून. केनियाच्या मुलांसाठी मात्र आठ जण एका रविवारी उभे राहिले. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून कंटेनरमध्ये सिग्नल शाळा भरते, ती तू रोज बसमधून बघतेस. तिथल्या शिक्षकांना कोणी टाळ्या वाजवून निरोप देत नाही, कारण ते कुठे जातच नाहीत. मराठवाड्यातून दुष्काळाने हाकललेली, सिग्नलवर गजरे विकणारी पोरं तिथून दहावी पास झाली आहेत.

तर निघायच्या आधीचे चार रविवार तू बालवर्गात ये. शिकवायला नाही, बाईंच्या हाताखाली. चटया घाल, नाकं पूस, हजेरी लिही, त्या सांगतील ते कर. तुला पटलं नाही तरी कर. तिथे तुला नेमकं हेच करायचं आहे, फक्त भाषा वेगळी. चार रविवारांत कंटाळा आला तर मला येऊन खरं सांग, मी तुझ्या आईला काही बोलणार नाही.

परत आल्यावर मंडळीसमोर साक्ष द्यायला उभी राहशील तेव्हा "किती गरीब आहेत आणि तरी किती हसतात" हे वाक्य तेवढं म्हणू नकोस. मी त्या फोटोत हसतेय ना, ते बिस्किटाचा पुडा फोटोवाल्याच्या मागे ठेवला होता म्हणून.

पेन्सिली इथून नेऊ नकोस. किसुमूच्या बाजारात दुकानाला दुका म्हणतात, तिथेच घे, पैसे तिथल्या माणसाला मिळू देत, आणि खोका बाईंच्या हातात दे. शार्पनर मात्र इथून चांगलं, लोखंडी, दोन-तीन ने.

शनिवारी जेवायलाच ये. सुकट करते, ओमेनाची तयारी. येताना वही आण, आणि तुझी बॅगही, रिकामी.

तुझी,
मावशी